मंगळवारच्या बाजारात दोघंही भेटणार आहेत

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. फोनवर उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणत राहतेस आणि विषय तिथेच संपतो. हा विषय तसा संपवायचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तू तीन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या आहेस. बांधाच्या दाव्यात तू दोन्ही भावांना समोरासमोर बसवलंस, तडजोड पुरसिस, म्हणजे समेटाचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल केलीस, दावा निकाली निघाला. आणि बाररूममध्ये कुणी म्हणालं की असे दावे मिटवत बसलीस तर ऑफिसचं भाडंही सुटणार नाही. दुसरं, पुण्याच्या फर्मचं बोलावणं आलंय. तिसरं, वाचनालयाच्या विश्वस्त मंडळासाठी तुझं नाव सुचवलंय आणि तुला वाटतं की त्यात नुसता वेळ जाईल.

माझ्या मते हा सगळा एकच प्रश्न आहे. आज कोर्टात तू ज्याच्या बाजूने उभी राहिलीस तो, आणि ज्याच्या विरुद्ध उभी राहिलीस तो, दोघंही मंगळवारच्या बाजारात तुला भेटणार आहेत. हे डोळ्यांसमोर ठेवून वकिली करायची तुझी तयारी आहे का, एवढंच ठरव. बाकीच्या दोन गोष्टी त्यानंतर आपोआप ठरतील.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस वगैरे लिहीत नाही. माझ्या ऑफिसात आलीस त्याच आठवड्यात ते दिसलं होतं.

लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून एक पत्र आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर फ्रेम करून लावलेलं असतं. तुझ्याही शाळेत होतं. लिंकनच्या कागदपत्रांत त्याचा कुठेही पत्ता नाही. पण त्याने खरोखर लिहिलेलं एक पत्र आहे, ५ नोव्हेंबर १८५५ चं, आयशम रीव्हिस नावाच्या तरुणाला. तो लिंकनकडे कायदा शिकायला येऊ इच्छित होता. लिंकनने कळवलं, मी घरी फार कमी असतो, माझ्यापाशी शिकण्यात अर्थ नाही. तू वकील व्हायचा निश्चय केला असशील तर निम्म्याहून जास्त काम झालंच आहे. पुस्तकं मिळव आणि वाच. वाचताना मोठ्या शहरात असण्याला काहीही महत्त्व नाही. मी न्यू सेलममध्ये वाचलं, त्या गावात कधी तीनशे माणसंही राहत नव्हती.

हे कधी लिहिलं ते बघ. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो सिनसिनाटीला गेला होता. कापणीयंत्राच्या पेटंटचा मोठा दावा होता. तो शिकागोत चालेल अशा समजुतीने कंपनीने इलिनॉयमधला म्हणून त्याला नेमला होता. दावा सिनसिनाटीला हलला आणि त्याची गरज उरली नाही. त्याने मेहनतीने टिपण तयार करून नेलं होतं, ते कुणी वाचलंही नाही. पूर्वेकडच्या नामांकित वकिलांनी, त्यात एडविन स्टँटनही होता, त्याला आपल्यात बसवून घेतलं नाही. तो परत फिरला नाही. प्रेक्षकांत बसून त्यांचे युक्तिवाद शेवटपर्यंत ऐकले. मग घरी आला, आणि दोन महिनेही उलटायच्या आत एका अनोळखी मुलाला लिहिलं की मोठ्या शहराने काही फरक पडत नाही. हे हट्टाने लिहिलेलं वाक्य आहे आणि म्हणूनच मला ते फार जवळचं वाटतं. पुढे १८६२ मध्ये याच स्टँटनला त्याने आपला युद्धमंत्री केलं, हेही लक्षात ठेव.

मला लिंकनच्या अध्यक्षपदाबद्दल तुला काही सांगायचं नाही. ते तू परीक्षेसाठी वाचलं आहेस. मला सांगायचंय त्याआधीच्या चोवीस वर्षांबद्दल, १८३७ ते १८६१. त्या काळात तो स्प्रिंगफील्ड नावाच्या गावातला वकील होता, बस. १५ एप्रिल १८३७ ला तो तिथे आला तेव्हा अंथरुणाच्या सामानाचे सतरा डॉलर त्याच्यापाशी नव्हते. दुकानदार जोशुआ स्पीडने वरच्या मजल्यावरच्या आपल्याच पलंगावर त्याला जागा दिली. गाव म्हणजे चिखलाचे रस्ते आणि त्यांवर मोकाट डुकरं. इलिनॉय राज्य होऊन अवघी अठरा वर्षं झाली होती. मालकीहक्क कच्चे, सीमा वादातल्या, रोकड दुर्मीळ, सगळा व्यवहार उधारीवर आणि वचनचिठ्ठ्यांवर. अशा मुलखात वकिलाकडे काय येणार? त्याचे पाच हजारांहून जास्त खटले अभ्यासकांनी शोधून काढले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कर्जवसुलीचे आहेत. बाकी जमीन, वारसा, जनावरं, अब्रूनुकसानी. आपल्या बोर्डावरची यादी काढून शेजारी ठेव, फार फरक दिसणार नाही.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तो सर्किटवर, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या कोर्टाबरोबर, निघायचा. आठव्या सर्किटमध्ये एके काळी चौदा काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, होत्या. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि सगळा वकीलवर्ग घोड्यावर, बग्गीत, एका काउंटीच्या गावाहून दुसऱ्या गावाला. गावात पोचलं की लोक वाट बघत असायचे. तासाभरात दावा समजून घ्यायचा आणि उभं राहायचं. संध्याकाळी त्याच खाणावळीत वादीचा वकील, प्रतिवादीचा वकील, न्यायाधीश, कधीकधी पक्षकारसुद्धा एका टेबलावर जेवायचे आणि रात्री वकील एका पलंगावर दोघे दोघे झोपायचे. दिवसा ज्याची उलटतपासणी घेतली त्याच्याच शेजारी रात्री ताट. आपल्या बाजारापेक्षाही जवळून भेट ही!

वकिलांसाठीच्या भाषणाची त्याची टिपणं आहेत, १८५० च्या सुमाराची. त्यात तो म्हणतो, खटलेबाजीला उत्तेजन देऊ नका. शेजाऱ्यांना जमेल तेव्हा तडजोडीला वळवा. नावापुरता जिंकलेला माणूस फी, खर्च आणि वाया गेलेला वेळ धरून प्रत्यक्षात कसा हरलेला असतो ते त्यांना दाखवा. त्याने 'अशील' म्हटलेलं नाही. 'शेजारी' म्हटलं आहे. आणि पुढे, तडजोड घडवणाऱ्या वकिलाला भला माणूस होण्याची मोठी संधी असते, धंदा तरीही पुरेसा उरेलच. जमिनीच्या नोंदवह्या धुंडाळून मालकीहक्कातले दोष हुडकायचे, त्यावरून भांडण पेटवायचं आणि आपला खिसा भरायचा, अशा वकिलाला तर त्याने सैतानाच्या जवळपास नेऊन बसवलं आहे. जुने फेरफार चाळत, कुणाच्या नावातली चूक कुणाच्या कानावर घालता येईल हे शोधणारी माणसं तू तलाठ्याच्या ऑफिसबाहेर पाहिली आहेस. बाररूममध्ये तुला हसले ते कोण होते, हे मी विचारत नाही.

तू त्या दोघा भावांचं जे केलंस ते बरोबर केलंस. यावर मला पुन्हा चर्चा नको. दावा चालवला असतास तर मोजणी, हरकती, कोर्ट कमिशनर, अपील, निकालाच्या अंमलबजावणीची दरखास्त, आणि तोपर्यंत दोघांची मुलं एकमेकांशी बोलायची बंद. तू जिंकलेली असतीस. हरलेला भाऊ बाजारात तुला बघून वाट बदलून गेला असता, आणि जिंकलेलाही काही वर्षांनी तेच करतो, कारण तोवर खर्चाचा हिशोब त्याच्या लक्षात आलेला असतो. मी हे पाहिलं आहे. एकदा नाही, आयुष्यभर पाहिलं आहे.

फीचं म्हणशील तर वॉर्ड लॅमनने एक हकीकत लिहून ठेवली आहे. तो लिंकनचा सर्किटवरचा सहकारी. एका मनोरुग्ण मुलीच्या दहा हजार डॉलरच्या मालमत्तेवर एका भामट्याचा डोळा होता. तिच्या भावाने लॅमनशी अडीचशे डॉलर फी आधीच ठरवली. काम वीस मिनिटांत झालं. भाऊ खूश होता. लिंकनने विचारलं, किती घेतलेस? आणि म्हणाला, कामाची किंमत एवढी नव्हती, निम्मे तरी परत कर. लॅमन म्हणाला, आधी ठरलेली फी आहे, तो आनंदाने देतोय. लिंकन ऐकेना. पैसे परत करायला लावले. न्यायाधीश डेव्हिस त्याच्यावर चिडले की तू असले कवडीमोल दर लावून सगळ्या बारला भिकेला लावतोयस, आणि रात्री वकिलांनी लुटुपुटीचं कोर्ट भरवून त्याला दंडही केला. त्याने दंड भरला आणि मत बदललं नाही. बाररूम सगळीकडे आणि सगळ्या काळात सारखीच असते, मुली. तिचं ऐकायचं, दंड भरायचा आणि आपलं तेच करायचं.

पण म्हणून तो फुकट राबत नव्हता, आणि तूही राबू नकोस. इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर काउंट्यांना कर लावता येतो का, हा मोठा प्रश्न निघाला तेव्हा १८५३ मध्ये त्याने आधी शँपेन काउंटीच्या लोकांना लिहिलं की माझ्यावर पहिला हक्क तुमचा, पण तुम्ही नेमणार नसाल तर एवढी मोठी फी मला सोडून देता येणार नाही. मग रेल्वेचं वकीलपत्र घेतलं, १८५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, पाच हजारांचं बिल लावलं आणि कंपनी देईना तेव्हा १८५७ मध्ये ब्लूमिंग्टनच्या कोर्टात तिच्यावरच दावा लावून वसूल केलं. निम्मे पैसे भागीदार हर्नडनला, नेहमीप्रमाणे. कंपनी बाजारात भेटत नाही. तिच्याकडून पूर्ण फी घ्यावी. विधवेकडून, शेतमजुराकडून काय घ्यायचं ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवावं. यात मला विसंगती दिसत नाही आणि कुणाला दिसली तर मला पर्वा नाही.

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही, कारण तू कधीतरी वाचशीलच. १८४७ मध्ये कोल्स काउंटीत रॉबर्ट मॅटसन नावाच्या केंटकीच्या गुलाममालकाची बाजू लिंकनने घेतली होती. जेन ब्रायंट आणि तिची मुलं स्वातंत्र्य मागत होती आणि हा त्यांच्या विरुद्ध उभा होता. तो हरला, ती सुटली. हे मला आजही पचत नाही. माझ्या परीने मी एवढंच म्हणतो की 'कोर्टात येईल त्याचा वकील' हे तत्त्व एकटं वापरलं की माणूस तिथपर्यंत पोचतो. जेन ब्रायंट त्याच्या गावची नव्हती, उद्या तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. ज्याला उद्या भेटायचंय त्याच्याशी आपण असं वागत नाही.

आणि उद्या कोण भेटणार, या यादीत कुणाला धरायचं? इथे माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. ज्या जमिनीवर लिंकनच्या मुलखातली गावं आखली गेली ती किकापू लोकांनी १८१९ च्या तहाने सोडली होती. चौक, कचेरी, भूखंड सगळं त्यानंतरचं. स्प्रिंगफील्डचा न्हावी विल्यम फ्लोरव्हिल मूळ हैतीचा, लिंकनची दाढी करणारा, त्याचा मित्र आणि अशील. ब्लूमिंग्टनमधल्या त्याच्या भूखंडांचं काम लिंकन बघायचा. तरी त्या फ्लोरव्हिलला मत नव्हतं, आणि १८५३ मध्ये राज्याने कायदा केला की बाहेरच्या काळ्या माणसाने इथे राहायला येऊच नये. गावाची व्याख्याच अपुरी होती. आपली पुरी आहे असं समजू नकोस. वेशीबाहेरच्या वस्तीचे पाण्याचे अर्ज नगरपरिषदेत किती वर्षं पडून आहेत ते तुला माहीत आहे. तुझ्या यादीत ती वस्ती पहिली हवी.

आता वाचनालय. वेळ जाईल म्हणतेस. जाईलच! लिंकनचा गेला नाही? १८३७ मध्ये त्याने आणि सँगमन काउंटीच्या इतर आठ प्रतिनिधींनी मिळून राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणली. नऊही जण उंच, म्हणून लोक त्यांना 'लांब नऊ' म्हणत. अट अशी होती की गावाने पन्नास हजार डॉलर उभे करायचे. आणि त्याच वर्षी देशभर मंदी आली. शेवटचा हप्ता भरायला शंभरावर नागरिकांनी बँकेच्या कर्जरोख्यावर सह्या केल्या, त्यात लिंकनची सही होती. न्यू सेलमच्या बुडालेल्या दुकानाचं त्याचं स्वतःचं कर्ज तेव्हा फिटलं नव्हतं. १८३९ मध्ये तो गावाच्या विश्वस्त मंडळावर निवडून आला. वकिलीचं दुकान नुकतंच लागत होतं. आणि २७ जानेवारी १८३८ ला, अठ्ठावीस वर्षांचा असताना, त्याने झुंडशाहीविरुद्ध आणि कायद्याच्या आदरासाठी जे भाषण केलं ते कुठे केलं? गावातल्या तरुणांच्या व्याख्यान मंडळात. आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेसारखंच ते. समोर किती माणसं असतील याचा विचार करून तो बसला नाही.

ब्लूमिंग्टनचा जेसी फेल त्याहून पुढे गेला. त्या गावातला पहिला वकील. पुढे वकिली डेव्हिसकडे सोपवून गावंच वसवत सुटला, हजारो झाडं लावली. १८५७ मध्ये राज्याचं शिक्षक-महाविद्यालय कुठे काढायचं यावर गावांची चढाओढ लागली, तेव्हा फेलने घरोघर फिरून एक लाख चाळीस हजार डॉलरांहून मोठ्या वर्गणीची वचनं मिळवली आणि पिओरियासारख्या मोठ्या गावाला मागे टाकलं. हमीपत्राचा मसुदा कुणी केला? लिंकनने. असल्या कामाची फी कुठल्या वकिलाच्या वहीत मोठी दिसत नाही, पण ती संस्था आज विद्यापीठ म्हणून उभी आहे. तू वाचनालयाच्या ट्रस्टची घटना एकदा वाच, विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट किती वर्षं दाखल झालेले नाहीत ते बघ, मग वेळ जातो की नाही त्यावर बोलू.

पुण्याबद्दल. काँग्रेसची मुदत संपवून लिंकन १८४९ मध्ये परतला तेव्हा ओरेगॉन प्रांताचं गव्हर्नरपद त्याला देऊ केलं होतं, नाकारलं. शिकागोच्या ग्रँट गुडरिचने भागीदारी देऊ केली. नाकारली, म्हणाला की तिथल्या ऑफिसात बसून मी मरेन. सर्किटवर फिरणंच त्याला बरं वाटत होतं. घरी मेरी महिनोन्महिने मुलांना घेऊन एकटी, हेही खरं. या बाबतीत मी कोण बोलणार? तुझ्या काकूला पुण्यात राहायचं होतं. तिच्या बहिणी तिथे, गाणं ऐकायला जाणं तिथे. मलाही तेव्हा बोलावणं होतं. माझ्यासोबतचे काही जण हायकोर्टात नावारूपाला आले. त्यांचे फोटो पेपरात येतात तेव्हा मी पान पटकन उलटतो असं तुझी काकू म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. तिची ती इच्छा राहून गेली ही खंत मला आहे आणि राहील. पण मी राहिलो म्हणून कालव्याच्या जमिनींच्या मोबदल्याचे दावे नीट चालले. मी राहिलो म्हणून शाळेची जागा शाळेकडे राहिली. हे कुणीतरी मोजायला हवं. कुणी मोजत नाही, म्हणून मी तुला लिहितो आहे. पुन्हा संधी मिळाली तर मी इथेच राहीन, आणि हे मी तिलाही सांगितलं होतं.

११ फेब्रुवारी १८६१ ला गाव सोडताना स्टेशनवर जमलेल्या लोकांना लिंकन म्हणाला, मी जो काही आहे तो या गावामुळे आणि या लोकांच्या जिव्हाळ्यामुळे. इथे मी पाव शतक राहिलो, तरुणाचा म्हातारा झालो. त्या गर्दीत त्याने ज्यांच्यावर कर्जाचे दावे लावले होते अशीही माणसं असणारच. तरी आली.

तू पुण्याला गेलीस तर मी रागावणार नाही. फर्म चांगली आहे, काम शिकशील. पण तिथे जाऊनही हाच प्रश्न विचारत राहा, की समोरच्या पक्षाला मी उद्या भेटू शकेन का. तिथे त्याची तुला कुणी आठवण करून देणार नाही, आपला आपणच विचारावा लागेल. आणि बाररूममधल्या टोमण्यामुळे जात असशील तर जाऊ नकोस. ते कारण पुरत नाही.

त्या फर्मला हो किंवा नाही, शुक्रवारच्या आत कळव. लोकांना ताटकळत ठेवू नये. विश्वस्त मंडळाची बैठक रविवारी आहे, तुझा निर्णय काहीही होवो, घटनेची प्रत घेऊन ये.

तुझा,
काका

ता. क. – त्याच टिपणांत फीबद्दल एक कामाची गोष्ट आहे. पूर्ण फी आधी घेऊ नये, थोडी घ्यावी. सगळे पैसे हातात आल्यावरही तेवढ्याच आस्थेने काम करणारा माणूस विरळा. त्या दोघा भावांकडे तुझी मसुद्याची आणि बैठकांची फी बाकी आहे ना? दोघांकडून निम्मी निम्मी माग, आणि पावती दे. मागायला लाजू नकोस.